लोणच्यावरचा दगड

नाना, काल तुमची खोली आवरायला घेतली
आणि दुपारपर्यंत एकच कप्पा झाला.
हॉर्लिक्सच्या बाटल्या, आत माती,
झाकणांवर तुमचं मुंगीच्या चालीचं अक्षर:
गोबी, मार्च.
बैकलचा काठ, उकरायला चमचा वापरला.
एका झाकणावर नुसतंच 'वारा फार'.
ती कुठली, हे आता कोण सांगणार?

देवपुरात आपल्या गल्लीला
तुमच्या जाण्यायेण्याचं कौतुक नव्हतं.
पिशवी दिसली की भटू इस्त्रीवाला विचारायचा,
'कथा चालनात, सर?'
एकदा तुम्ही म्हणालात, 'मंगोलियाले.'
पुढच्या खेपेला, 'मेथीनी भाजी लेवाले.'
दोन्ही वेळा तो म्हणाला,
'बरं, लवकर या मंग.'

पातागोनियाहून आणलेला काळा गुळगुळीत दगड
आईनं धुतला, उन्हात ठेवला
आणि कैरीच्या लोणच्यावर दडपण म्हणून बसवला.
तुम्ही कळवळलात,
'अगं, दहा हजार वर्षं हिमनदीनं घासलाय तो!'
आई म्हणाली, 'म्हनीसनच बरा बठना.'

पत्रावर तारीख लिहायला विसरायचात,
अक्षांश कधी विसरला नाहीत.
'५१ उत्तर. थंडी. हेमाचा ताप उतरला का?'
पत्र पोचेपर्यंत ताप उतरून, गोवर येऊन,
गोवरही गेलेला असायचा.
आई वरची नदी, डोंगर, माणसं सोडून
थेट शेवटची ओळ वाचायची.

शेखर झाला तेव्हा तुम्ही विषुववृत्तावर होतात.
ते त्यानं तुम्हाला माफ केलं का,
मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

साक्रीच्या वाटेवर एसटी थांबवून
तुम्ही अख्खा वर्ग शेतात उतरवला होतात,
मलाही, फ्रॉकमध्ये.
समोर काळी भिंत, या शिवारातून त्या शिवारात
कुणाच्या बांधाला न जुमानता गेलेली.
मी म्हटलं, कुणी बांधली?
'कुणी नाही. ही भेग आहे.
जमीन फाटली, खालून रस आला, भेगेत थिजला.
मग आजूबाजूची जमीन झिजली.
भेग तेवढी उभी राहिली.'
मुलं वहीत लिहून घेत होती.
मी भिंतीला हात लावला. तापली होती.

लग्नात सोनं आईनं दिलं.
तुम्ही दिलंत पिंपळनेरचं सर्व्हे शीट,
माझ्या सासरच्या घराभोवती पेन्सिलीचं वर्तुळ.
'ही विहीर गोड. पश्चिमेची चैतात आटेल.
या रेषा जवळजवळ आल्या की चढ असतो,
तिथं थांबायचं. दम खायचा.
लाज वाटून घ्यायची नाही.'
सासूबाईंनी ते पिठाच्या डब्याखाली अंथरलं.
महिन्यानं मी काढून घेतलं.
पांझरेच्या उगमापाशी अजून पीठ आहे,
आणि तुम्ही सांगितलं तसं
मी तिथं बऱ्याचदा थांबले.

ही नदी पूर्वेला निघते, धुळं ओलांडते, वळते
आणि तापीचा हात धरून पुन्हा पश्चिमेला.
पुलावर उभं राहून तुम्ही दरवेळी म्हणायचात,
'घरी काहीतरी विसरून आलीय बाई.'
दरवेळी आम्ही हसायचो,
विनोदाला नाही, तुमच्या हसण्याला.

मुडावदच्या संगमावर निघालो त्या सकाळी
हातात पिशवी पाहून भटूनं तोंड उघडलं
आणि मिटलं.
शर्टावर इस्त्री तशीच राहिली,
करपल्याचा वास गल्लीभर.

काल शेखर माझ्या शेजारी येऊन बसला.
एकेक बाटली उचलून धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसत होता,
बैकल, गोबी, काही न बोलता.
'वारा फार' त्यानं उघडली. हुंगली.
म्हणाला, 'ही आपल्या गच्चीवरची.'
कशावरून रे?
त्यानं बोट घालून बाहेर काढला
मातीत अडकलेला कापसाचा एक पेळू,
मळका, नखाएवढा,
आणि बराच वेळ
तो पुन्हा आत ठेवेना.